मानधन: पगार की फी?

भाचीला स्कूटरसाठी कर्ज हवं होतं. बँकेच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे दोन चौकोन होते, ‘नोकरी’ आणि ‘स्वयंरोजगार’, आणि तिथेच तिचं पेन अडलं. ती रोज साडेनऊला पुण्यातल्या एका कंपनीत जाते. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, टेबल कंपनीचं, लॅपटॉप कंपनीचा, रजा हवी असेल तर टीम लीडची परवानगी. करारात मात्र ती ‘सल्लागार’, मुदत अकरा महिने, आणि महिन्याचे साठ हजार खात्यात येतात ते दहा टक्के कापून. सॅलरी स्लिप नाही, पीएफ नाही. ‘मामा, मी नोकरीला आहे का नाही?’ तिनं विचारलं.

माझं सगळं आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेल्यामुळे असले प्रश्न आमच्या घरात फिरून माझ्याकडेच येतात. मी म्हटलं, ‘कोण विचारतंय त्यावर आहे.’ ती वैतागली. पण उत्तर खरोखर तसंच आहे. आयकर खातं, पीएफचं कार्यालय, कामगार न्यायालय, जीएसटीवाले आणि बँक, सगळे हाच प्रश्न विचारतात. प्रत्येकाचा हेतू वेगळा असतो आणि एकाच माणसाबद्दलची त्यांची उत्तरं कित्येकदा जुळत नाहीत.

या अधल्यामधल्या जागेसाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. रोजंदारीवरचा, हंगामी, बदली, कंत्राटी, ठेक्यावरचा, तासिका तत्त्वावरचा, म्हणजे ‘सीएचबी’वरचा. वर्षानुवर्षं कॉलेजात शिकवूनही ज्यांची ओळख ‘सीएचबीवाले सर’ एवढीच राहिली, असे निदान दोन जण तरी प्रत्येकाच्या माहितीत असतात. या सगळ्यांत मला सर्वांत लबाड वाटतो तो ‘मानधन’ हा शब्द. कीर्तनकाराला किंवा बाहेरून आलेल्या वक्त्याला पाकिटात घालून देतो ते मानधन. तिथे तो शोभतो. पण अंगणवाडीत रोज पोरं सांभाळणाऱ्या, त्यांची वजनं घेणाऱ्या, नोंदवह्या भरणाऱ्या बाईला महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या पैशालाही सरकार मानधनच म्हणत आलं. एकदा मान दिला की धनाचा हिशेब मागणं बरं दिसत नाही, अशी ती सोय.

हा शब्द सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००६ साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात न्यायालयानं म्हटलं होतं की अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत. पुढे गुजरातेतल्या सेविकांनी ग्रॅच्युइटी मागितली आणि २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या पीठानं ती त्यांना लागू असल्याचा निकाल दिला. आम्ही देतो ते मानधन आहे, वेतन नव्हे, हा सरकारी युक्तिवाद टिकला नाही. गंमत अशी की दुसऱ्या निकालानं पहिला मोडीत काढला नाही. सरकारी पदावर नसलेली बाई ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरती कर्मचारी असू शकते. विचारणारा बदलला, उत्तर बदललं.

मुळातली विभागणी तशी सोपी आहे. एक असतो नोकरीचा करार, दुसरा असतो काम करून देण्याचा करार. घरी कपाट करायला सुतार येतो तेव्हा आपण त्याला माप सांगतो, प्लायवूड कोणतं हवं ते सांगतो. रंधा कसा मारायचा ते सांगत नाही. हत्यारं त्याची, हाताखालचा पोरगा त्याचा, दुपारी दुसऱ्या साइटवर जाऊन आला तरी आपण फार तर कुरकुर करतो. माप चुकून फळी वाया गेली तर भुर्दंड त्याला. तोच सुतार उद्या फर्निचरच्या कारखान्यात लागला तर रंधा तोच आणि हातही तेच, पण वेळ मालकाची, फळी मालकाची, चुकीचा खर्चही मालकाचा. पहिल्यात आपण कपाट विकत घेतो, दुसऱ्यात मालक सुताराचा दिवस विकत घेतो.

भांडणं होतात ती या दोन टोकांच्या मध्ये. आपल्याकडे या विषयाचा पाया घातला मिठागरातल्या माणसांनी. कच्छच्या छोट्या रणात कुडा इथे ध्रांगध्रा केमिकल वर्क्सची मिठागरं होती. तिथे ऑक्टोबरपासून जूनपर्यंत अगरिया कुटुंबं येत. प्रत्येकाला जमिनीचा तुकडा वाटून दिलेला. मीठ पिकवायचं, ढीग लावायचा, मणामागे ठरलेला दर घ्यायचा. मीठ प्रतीला उतरलं नाही तर पैसे नाहीत. कामाचे तास ठरलेले नाहीत, हजेरीपट नाही, मदतीला माणसं ठेवायची तर अगरियानं स्वतःच्या पैशानं ठेवायची, आणि पाऊस लागला की सगळे आपापल्या शेतीकडे. कंपनीनं म्हटलं, हे ठेकेदार आहेत, आमचा आणि त्यांचा संबंध मिठापुरता. वरवर पाहता ते पटण्यासारखंही होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९५६ साली बघितलं ते वेगळंच: मीठ तयार होण्याच्या पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत कंपनीची माणसं देखरेख करत होती की नाही? करत होती. मग ते कामगार. नगावर किंवा मणावर पैसे मिळणं, तास ठरलेले नसणं, एवढंच काय, हाताखाली मदतनीस ठेवणं, यातल्या कशानंही ते नातं तुटत नाही.

हे इतकं स्वच्छ वाटतं की पुढे सगळं सरळ चाललं असेल असं वाटावं. तसं झालं नाही, आणि त्याचा पुरावा बिडीच्या धंद्यात आहे. नागपूरच्या एका बिडी कारखान्यातल्या कामगारांनी रजेचे पैसे मागितले. ते आपल्या सोयीनं येत-जात, पण काम कारखान्यातच बसून करत, दुपार उलटल्यावर आलेल्याला काम मिळत नसे, आणि बिडी पसंत नाही पडली तर बाजूला टाकली जाई. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कामगार ठरवलं. एका वर्षानं महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या बिडी कारखान्याचं प्रकरण आलं. भांडण तेच, रजेच्या पैशांचं. इथे बिडी वळणाऱ्यावर येण्याची सक्ती नव्हती, वळताना देखरेख नव्हती, माल शेवटी तपासून घेतला जाई. आणि दोन विरुद्ध एक मतानं तो कामगार नाही असं ठरलं. विरोधी मत न्या. सुब्बाराव यांचं होतं. पान तेच, तंबाखू तीच, सूतही तेच. मी कायद्याचा माणूस नाही, पण हे दोन निकाल मी जेव्हा जेव्हा शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला सुब्बारावांचं म्हणणं जास्त पटलं. शेवटी संसदेलाच १९६६ मध्ये बिडी-सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यात मालकाकडून पानतंबाखू घेऊन घरी बिड्या वळणाऱ्या बायकांनाही कामगार म्हटलं गेलं. पुढे सोलापूर, अहमदनगर, सिन्नर भागातल्या घराघरांत सुपात बिड्या वळल्या जात राहिल्या, त्या या कायद्याच्या छत्राखाली.

नंतरच्या काळात न्यायालयं फक्त देखरेखीवर थांबली नाहीत. हैदराबादच्या एका शिंपी दुकानाच्या खटल्यात, १९७३ साली, कारागीर नगावर पैसे घेत, हवं तर कापड घरी नेत, कसं शिवायचं ते त्यांना कुणी शिकवत नव्हतं. मालकाला शिवणकाम येतं की नाही हा प्रश्न तिथे निर्णायक ठरला नाही. मशिनं मालकाची होती आणि शिलाई बिघडली तर उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार मालकाकडे होता. ते कर्मचारी ठरले. १९७८ मध्ये केरळातल्या दोरखंडाच्या कारखान्याच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी मध्ये उभा केलेला ठेकेदाराचा पडदा बाजूला सारून बघितलं की या माणसांची भाकरी खरी कुणाच्या हातात आहे.

न्यायालयं प्रत्येक वेळी ‘नोकर’च म्हणतात असा समज मात्र नको, आणि नोकर ठरण्यात नेहमी माणसाचाच फायदा असतो असाही नको. गुजरातेतल्या एका नेत्रसंस्थेत करारावर काम करणारे शल्यविशारद संस्थेच्याच गाडीला अपघात होऊन गेले. विमा कंपनी म्हणाली, ते संस्थेचे नोकर होते, म्हणून आमची जबाबदारी मर्यादित. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये कराराची कलमं एकेक करून तपासली आणि ते स्वतंत्र व्यावसायिक होते असं ठरवलं. कुटुंबाला भरपाई मिळायची वाट त्यानंच मोकळी झाली.

पुण्याचंच उदाहरण हवं तर रुबी हॉल क्लिनिकचं आहे. रुग्णालय तिथल्या काही डॉक्टरांना रुग्णांकडून आलेल्या फीचा वाटा देत होतं, त्यातल्या काहींना किमान रकमेची हमी होती. आयकर खात्याचं म्हणणं, हे ठरलेल्या वेळी येतात, रुग्णालयाचे नियम पाळतात, म्हणजे हे नोकर. यांच्या पैशातून पगाराच्या कलमाखाली कर कापायला हवा होता. मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये ते मानलं नाही. या डॉक्टरांना पीएफ नाही, नोकरदारासारख्या रजा नाहीत, बाहेर स्वतःचे रुग्ण बघायची मोकळीक आहे. ठरल्या वेळी येणं ही शिस्त झाली, चाकरी नव्हे.

एवढं सांगून झाल्यावर मी भाचीला विचारलं, ‘तुला ताप आला तर तुझ्याऐवजी मैत्रिणीला कामावर पाठवशील?’ ती हसली. ‘संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचं काम घेशील?’ करारात मनाई. ‘प्रोजेक्ट बुडालं तर तुझे पैसे बुडतात?’ नाही, महिन्याचे महिन्याला येतात. ‘बिल तू पाठवतेस?’ हो, पण त्याचा नमुना कंपनीच पाठवते, ती फक्त सही करते. शेवटचं उत्तर मला सर्वांत बोलकं वाटलं. नोकरदाराकडून दुकानदाराचं सोंग वठवून घ्यायचं, आणि त्याचे संवादही मालकानंच लिहून द्यायचे.

आता तिच्या दहा टक्क्यांकडे येऊ. पैसे देणाऱ्यानं कर आधीच कापून सरकारजमा करायचा, हा टीडीएसचा व्यवहार. १९६१ च्या आयकर कायद्यात पगारासाठी कलम १९२ होतं. त्यात ठरावीक टक्केवारी नसते; वर्षाचा अंदाजे कर काढून त्याचे बारा भाग कापायचे. व्यावसायिक फीला १९४-जे: साधारणपणे १० टक्के, तांत्रिक सेवांना २ टक्के, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५० हजारांच्या आतल्या रकमेवर कपात नाही. ठेक्याच्या कामाला १९४-सी: एकट्या माणसाला १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, त्यात १९२ चं ३९२ झालं आणि बाकीचे सगळे टीडीएस ३९३ मध्ये एकत्र गेले. तरी हिशेबनिसांच्या तोंडी ‘मी वन नाइन्टी फोर जे वर आहे’ हीच भाषा आणखी बरीच वर्षं राहील. माणसं कलमावर राहतात, हे मला अजूनही थोडं विचित्र वाटतं.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की तुम्ही कोणत्या कलमात बसता हे आधी ठरवतो तो कंपनीच्या अकाउंट्समधला कुणीतरी माणूस, कधीकधी तर सॉफ्टवेअरमधल्या खालच्या बाणावर क्लिक करून. तो न्यायनिवाडा नव्हे. उद्या खात्याला वाटलं की हा खरा पगारच होता, तर कमी कापलेल्या कराबद्दल नोटीस येते ती कंपनीला. आणि घेणाऱ्याचं उत्पन्न ‘पगार’ या शीर्षाखाली धरायचं की ‘धंदा-व्यवसाय’ या शीर्षाखाली, हे कपातीच्या कलमावरून नव्हे, नात्यावरून ठरतं.

आकडे मांडून बघू. वर्ष २०२५-२६ आणि नवी करप्रणाली धरतो. भाचीचे वर्षाचे ७ लाख २० हजार. पगार मानला तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ६ लाख ४५ हजार उरतात. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असलं की सूट मिळून कर शून्य होतो, त्यामुळे पगार असता तर टीडीएसही झाला नसता. फी मानली तरी कर शून्यच. पण महिन्याला सहा हजारांप्रमाणे ७२ हजार आधीच कापले गेले. ते परत मिळवायचे तर रिटर्न भरायलाच हवं. ‘कर कापला ना, मग आता कशाला रिटर्न?’ असं म्हणून सरकारकडे पैसे ठेवून मोकळे झालेले कितीतरी तरुण मी बघितले आहेत. तिनं आयकराच्या संकेतस्थळावर आपलं २६-एएस, म्हणजे नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून बघितलं तेव्हा ७२ हजारांतले तीन महिन्यांचे दिसतच नव्हते. कंपनीनं कापले होते, विवरणात दाखवले नव्हते. हे दर तिमाहीला बघायचं असतं.

तिच्याच टीममधला एक अनुभवी मुलगा महिना १ लाख २० हजार घेतो, वर्षाचे १४ लाख ४० हजार. पगार असता तर वजावटीनंतर १३ लाख ६५ हजारांवर कर ८४,७५०, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ८८,१४०. तो मात्र ४४-एडीए या कलमाखाली रिटर्न भरतो. हे कलम लहान व्यावसायिकांसाठी आहे: वह्या ठेवू नका, आलेल्या फीचा निम्मा हिस्सा उत्पन्न म्हणून दाखवा, बाकीचा खर्च धरला. मर्यादा ५० लाख, आणि रोखीनं आलेली रक्कम पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाख. त्याचं उत्पन्न झालं ७ लाख २० हजार, कर शून्य, आणि कापलेले १ लाख ४४ हजार परत. एकच माणूस, एकच टेबल, आणि एका शब्दानं ८८ हजारांचा फरक. सल्लागार म्हणवून घ्यायला मुलं इतकी राजी का असतात त्याचं हे उत्तर, आणि मी त्यांना दोष देत नाही.

मात्र त्यात तीन खाचा आहेत. कलम सांगतं ते ५० टक्के ‘किंवा त्याहून जास्त’. ज्याचा खर्च म्हणजे बसचा पास आणि डबा, त्यानं निम्मे पैसे खर्चात गेले असं दाखवणं कितपत खरं, हे ज्याचं त्यानं बघावं. दुसरं, हे कलम सगळ्यांना नाही. वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, हिशेबतज्ज्ञ, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार आणि सरकारनं जाहीर केलेले मोजके व्यवसाय एवढीच यादी आहे. माहिती तंत्रज्ञान त्यात आहे. चित्रपट कलावंत आहेत, आणि त्या व्याख्येत गीतकार नि संवादलेखकही बसतात. म्हणजे सिनेमासाठी गाणी लिहिणारा कवी यादीत, आणि नुसत्या कविता लिहिणारा बाहेर. अनुवादक, शिकवणी घेणारे यांची नावं तिथे नाहीत. तिसरी खाच सर्वांत खोल: नातं मुळात नोकरीचंच असेल तर ४४-एडीए लागूच होत नाही.

आगाऊ कराचंही भान ठेवावं लागतं. वर्षाचा कर टीडीएस वजा जाता दहा हजार किंवा जास्त निघत असेल तर तो आधीच भरायचा, एरवी चार हप्त्यांत, ४४-एडीए वाल्यांनी १५ मार्चपर्यंत एकदम. जीएसटीचा उंबरठा सेवांसाठी २० लाखांचा. महिना १ लाख ७० हजार घेणारा सल्लागार तो ओलांडतो आणि १८ टक्क्यांच्या फेऱ्यात येतो. नोकरानं मालकाची केलेली सेवा मात्र जीएसटीच्या कक्षेबाहेरच ठेवलेली आहे.

महाराष्ट्रात आणखी एक छोटा कर आहे, व्यवसाय कर. नोकरदाराच्या पगारातून महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार, मालक कापतो. सल्लागारानं तेच अडीच हजार स्वतः नावनोंदणी करून भरायचे, आणि हे जवळजवळ कुणालाच माहीत नसतं. काही वर्षांनी व्याजासकट कळतं. १९७५ सालचा हा कायदा आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदारानं गावाकडे पाझर तलाव खोदणाऱ्याची मजुरी द्यायची, अशी ती रचना होती. पगारपत्रकावरचा तो दोनशेचा आकडा मला म्हणून कधी टोचला नाही.

कराचा फायदा दिसतो तेवढ्यानं हिशेब पुरा होत नाही, कारण दुसरं पारडं महिन्याच्या महिन्याला दिसत नाही. भाचीचं मूळ वेतन तीस हजार धरलं तर पीएफमध्ये कंपनीनं १२ टक्क्यांप्रमाणे ३,६०० घातले असते. कायद्याच्या १५ हजारांच्या मर्यादेवर धरले तरी १,८००. भरपगारी रजा, आजारपण, आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा. या शेवटच्या बाबतीत ‘तू तर करारावरची’ हे उत्तर न्यायालयात चालत नाही. २००० साली दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांना सर्वोच्च न्यायालयानं ती रजा मिळवून दिली, आणि २०२३ मध्ये करारावरच्या एका डॉक्टरबाईंच्या प्रकरणात तर असं ठरलं की रजेच्या मध्येच कराराची मुदत संपली तरी लाभ थांबत नाही.

अकरा महिन्यांचा आकडा कुठून आला याबद्दल आमच्याकडे एक दंतकथा आहे: वर्ष पुरं होऊ दिलं नाही की माणूस कायम होत नाही. खरं तर कामगार कायद्यातला जुना आकडा २४० दिवसांचा, आणि रविवार व पगारी सुट्ट्या धरल्या तर ते आठ-नऊ महिन्यांतच भरतात. २४० दिवस भरले म्हणजे कायम झालो, हीसुद्धा दंतकथाच. त्यानं कामावरून काढताना नोटीस आणि भरपाई मिळते, कायमपण नाही. ठरलेली मुदत संपल्यावर करार पुढे चालवला नाही तर त्याला कामगार कपातही म्हणत नाहीत, ही पळवाट १९८४ पासून कायद्यातच आहे. उलट बाजूनं, महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानं कामगारांना वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरते म्हणून ठेवणं, आणि तेही त्यांना कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूनं, हे अनुचित कामगार प्रथांत घातलं आहे. मधला एक दिवसाचा ‘ब्रेक’ देऊन पुन्हा अकरा महिने, ही सर्कस त्यासाठीच चालते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं. तीस हजारांच्या वेतनावर वर्षाचे १७ हजारांच्या वर होतात. अकरा महिन्यांच्या जुन्या सवयीला त्यामुळे नवा अर्थ आला आहे. बारावा महिना आता अधिक महाग पडतो.

ठेकेदारामार्फत कामाला लागलेल्यांची गोष्ट निराळी, आणि तिथे गोंधळ कमी असायला हवा. तो नोकरच आहे, फक्त ठेकेदाराचा. पीएफ ठेकेदारानं भरायचा, पगार ठेकेदारानं द्यायचा, आणि त्यानं बुडवला तर मूळ कंपनीनं. रखवालदार, सफाई कामगार, डेटा एंट्रीची मुलं यांतल्या फार थोड्यांना हा शेवटचा भाग कुणी सांगितलेला असतो.

कोथरूडला घरी बसून अमेरिकेतल्या कंपनीचं काम करणारेही आता पुष्कळ झाले. तिथली कंपनी आपल्याकडचा टीडीएस कापत नाही, तिला फक्त डब्ल्यू-८बेन हा फॉर्म हवा असतो, की मी अमेरिकेचा करदाता नाही. म्हणून मुलांना वाटतं आपल्याला करच नाही. भारतात राहणाऱ्याचं जगभरचं उत्पन्न इथे करपात्र असतं; न कापलेला कर म्हणजे स्वतः भरायचा आगाऊ कर. जीएसटीत ही सेवा निर्यात धरली जाऊन तिच्यावरचा दर शून्य होतो, पण २० लाखांच्या मोजणीत ती धरावी लागते आणि पुढे नोंदणी व हमीपत्र करावंच लागतं.

भाचीचा फॉर्म दोन दिवस टेबलावर तसाच होता. बँकेतल्या माणसाला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ‘नोकरी असेल तर तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि फॉर्म १६, धंदा असेल तर दोन वर्षांची रिटर्नं,’ तो म्हणाला. तिच्याकडे पहिलं नव्हतं, आणि कामाला लागून दोन वर्षं झाली नसल्यामुळे दुसरंही नव्हतं. शेवटी सहअर्जदार म्हणून माझी सही झाली.

त्याच आठवड्यात कंपनीकडून तिला एक मेल आला. कर्मचाऱ्यांनी बोटांच्या ठशाची हजेरी सक्तीनं लावावी, महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा उशीर झाल्यास अर्ध्या दिवसाचे पैसे कापले जातील. सुरुवातच होती ‘प्रिय कर्मचारी’. ‘प्रिंट काढून ठेव,’ मी म्हटलं. तिनं दोन काढल्या.